राख, चिंच आणि खालाचा काळा डबा

आमच्या घरात एक गुलाबी साबण होता, आणि तो अंगाला लावण्यासाठी नव्हता. आईच्या लोखंडी पेटीत, तिच्या ठेवणीतल्या दोन साड्यांच्या मधोमध, तो आपल्या कागदात गुरफटून निजलेला असे. पाहुणे आले की त्याला उठवले जाई. मग तो न्हाणीतल्या दगडावर, पितळी ताटलीत, धुवट पंचाच्या शेजारी ऐटीत बसे. पाहुणे गेले की आई त्याला पदराने टिपी, सावलीत वाळवी, कागदाच्या जुन्याच घड्यांवरून पुन्हा घडी घाली आणि पेटीला कुलूप लावी. चार वर्षे हा क्रम चालला होता. एवढ्या काळात साबणावरची अक्षरे काय ती थोडी बुजली होती.

आमच्या गावात, औरादमध्ये, तेव्हा बऱ्याच घरांतून असा एखादा साबण असे, आणि त्याच्याशी कसे वागावे हे पाहुण्यांनाही ठाऊक असे. आधी नुसत्या पाण्याने हात धुवायचे, मग उंबऱ्याला लावावीत तशी बोटांची टोके साबणाला लावायची, आणि पुन्हा पाणी घ्यायचे. बाहेर येऊन म्हणायचे, "वास लई झाक हाय बरं का." त्यावर घरच्या बाईने म्हणायचे, "घ्या की अजून, संकोच कामून करायलाव?" अजून कोणीही घेत नसे. घेतले असते तर त्या घराशी त्यांचा संबंध राहिला असता की नाही, सांगता येत नाही.

वापरायचा साबण वेगळा. तो म्हणजे बाजारातून आणलेली पिवळट, लांबलचक कांडी. आई ती दोऱ्याने कापी. सुरीने कापली तर कण सांडतात, दोरा काही सांडत नाही. मग त्या वड्या फळीवर दोन महिने वाळत पडत. "ओला साबण म्हंजी गळकं मडकं," असे ती म्हणे. वाळून वाळून त्या दगडासारख्या होत, आणि त्यांतून फेस काढणे हे दगडातून पाणी काढण्याइतकेच पुण्याचे काम होई. वडी झिजून नखाएवढी झाली की तो तुकडा जुन्या धोतराच्या पुरचुंडीत जाई, आणि अशा वीसेक तुकड्यांची ती पुरचुंडी अप्पांच्या सदऱ्यांच्या कॉलरवर चोळली जाई. अप्पा, म्हणजे आमचे वडील, मराठी शाळेत मास्तर होते. राज्याचे नाव तेव्हा म्हैसूर होते आणि अप्पांच्या सदऱ्यांचा पांढरेपणा त्या राज्याच्या सीमेपर्यंत तरी प्रसिद्ध असावा, अशी आमची समजूत होती.

बाकी सारे आईच्या डब्यांतून निघे. चुलीमागे तिने डब्यांची रांग मांडली होती. तुराट्यांची राख कापडाने गाळून ठेवलेली. ती बोटांत धरली तर धुक्याला हात लावल्यासारखी वाटे. रिठे, ज्यांचा वास आंबट आणि काहीसा रागीट होता. रेशमी खणांसाठी हिंगणबेटाची वाळलेली फळे. जुनी, काळी पडलेली चिंच, जिच्या नुसत्या दर्शनाने दाढेखाली पाणी सुटे. विटेची पूड. नारळाच्या शेंड्या. या रांगेपुढे उभी राहून आई दुकानातल्या पुडीबंद पावडरींविषयी जे बोले ते इथे लिहिण्यासारखे नाही. तिचा सिद्धांत सरळ होता: मळ मातीतून येतो, तेव्हा त्याला हाकलणारेही मातीतूनच उगवते, दुकानदार मध्ये कशाला?

मी अकरा वर्षांची होते आणि मला त्या गुलाबी साबणाने एकदा, फक्त एकदा, आंघोळ करायची होती.

संधी अक्कामुळे आली. अक्का माझी थोरली बहीण. तिला बघायला हुलसूरहून माणसे येणार असे ठरले आणि घर ढवळून निघाले. आईने सगळी भांडी अंगणात काढली आणि मला म्हणाली, "हे सगळं असं घास की त्यात तुझं तोंड दिसलं पाहिजे. दिसलं तर पाहुणे गेल्यावर त्या साबणानं तुला न्हाऊ घालते."

"पेटीतल्या?"

"पेटीतल्याच."

"डोक्यावरूनबी?"

"हावरटपणा करायलीस. अंगावरून."

त्याच सकाळी आईने शेजारच्या खालाकडून एक डबा मागून आणला होता. खालाचे घर आणि आमचे घर यांच्यामध्ये एक भिंत होती आणि भिंतीत एक खिंडार. त्या खिंडारातून दोन्ही घरे एकमेकांचा संसार चालवीत: इकडून विरजण, तिकडून निखारे, इकडून कढीपत्ता, तिकडून ईदचा शीरखुर्मा. आमचा सुपारीचा डबा ॲल्युमिनियमचा आणि पोचे पडलेला. तो हुलसूरकरांपुढे ठेवण्याजोगा नव्हता. म्हणून खालाने आपला दिला. तो तिच्या अम्मीने लग्नात दिलेला, बीदरचा बिदरी डबा होता. काळाभोर धातू, आणि त्यावर बसवलेल्या चांदीच्या वेली. देताना तिने आईला बजावले होते, "कोरड्या फडक्यानं पुसा, बाई. पानी बिलकुल नक्को." ते आईने ऐकले. मी मागच्या अंगणात रिठे फोडत होते. मी ऐकले नाही.

बिदरी भांडी ज्या गावात होतात ते आमच्याच जिल्ह्याचे ठिकाण. पण मास्तराच्या घरात ती कुठून येणार? मी तसला डबा हातात कधी धरलाच नव्हता. मला काळेपणा एकच माहीत होता, तो पाणी तापवायच्या हंड्याच्या बुडाचा. दुपारपर्यंत मी तांब्ये, ताटल्या, घागर, समई उरकली आणि आणखी काही राहिले का म्हणून आत गेले, तर फळीवर हा डबा. मी मनात म्हटले, खाला एवढी नीटनेटकी, अन् डब्यावर इतका मळ साचू दिला! चांदीची फुले तेवढी स्वच्छ ठेवली, मधली जागा तशीच. आळस माणसाला कुठे कुठे गाठतो.

आधी चिंच लावली. डबा जड होता आणि थंड, आणि चिंचेचा कोळ त्याच्या नक्षीत शिरला तेव्हा त्याने बारीक, आंबूस, लोखंडी वास सोडला. मग राख. मग शेंडी. काळे पाणी वाहू लागले. केवढे काळे! दगडावरून ते जास्वंदीच्या आळ्यात गेले, आणि मला वाटले, एवढा मळ काढणाऱ्या मुलीला डोक्यावरूनही साबण मिळायला हरकत नाही. उन्हे कलेपर्यंत मी घासत राहिले. डबा उजळत गेला, करडा झाला, मग पांढुरका. त्यात माझे तोंडही दिसू लागले, थोडे लांबट आणि अतिशय समाधानी.

फक्त एक गोष्ट विचित्र झाली. फुले दिसेनात. चांदी जागच्या जागी होती, बोटाला लागत होती. पण करड्यावर पांढरी वेल म्हणजे पिठात सांडलेले मीठ.

मी डबा अक्काला दाखवला. ती वेणी घालीत होती. तिने डबा पाहिला, आणि अर्धी वेणी हातात धरून खालीच बसली.

"अगं भवाने, काय केलीस हे?"

"घासले."

"घासायचा नसतो तो! तो तसाच काळा असतो. खाला आता भिंत बुजवंल, अन् आई तुला भिंतीत चिणंल."

"मग काळा करू की पुन्हा," मी म्हणाले. अकराव्या वर्षी जगातली कुठलीही गोष्ट उलटी करता येते असे वाटते.

पण अक्काला ती कल्पना तितकीशी वाईट वाटली नाही. आईने वर्षभर पुरेल एवढे काजळ धरून ठेवले होते. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली उपडी घालून धरलेले, मखमलीसारखे काजळ. ती डबी अक्काने कोनाड्यातून काढली, त्यात शेंगदाण्याचे तेल कालवले आणि बोटाने डब्याला सारवले. मग काडीला कापूस गुंडाळून एकेक फूल, एकेक पान पुसून काढले. तिचा हात रांगोळीत मुरलेला. काळोखातून चांदणे उगवावे तशी ती वेल परत आली. डबा पहिल्यापेक्षाही काळा दिसू लागला. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून हसलो. काजळाची डबी मात्र रिकामी झाली, आणि दुसऱ्या दिवशी अक्का पाहुण्यांपुढे कोऱ्या डोळ्यांनी बसली.

हुलसूरहून मुलगा आला, त्याचे वडील आले, पण खरे पाहायला आल्या होत्या त्या त्याच्या आई. ताठ बसणाऱ्या, लाल काठाच्या पांढऱ्या पातळातल्या, आढ्यापासून पायपुसण्यापर्यंत नजर फिरवणाऱ्या बाई. त्यांनी चुरमुऱ्यांचा सुशीला खाल्ला, चहा घेतला, समईकडे पाहून "चकचकीत हाय" म्हणाल्या, आणि मी मनातल्या मनात अंगाला साबण लावला. मग त्यांनी अक्काला जवळ बोलावले.

"पोरीच्या डोळ्यांत काजळ कामून न्हाई?"

आई चपापली. "लावलीस न्हाई का गं?"

"संपलं," अक्का म्हणाली. तेवढे तरी खरे होते.

"एवढी डबी भरून..." आई म्हणाली, पण पाहुण्यांपुढे थांबली आणि तिने सुपारीचा डबा पुढे केला.

बाईंनी डबा मांडीवर घेतला. झाकण उघडले, सुपारी निवडली, झाकण लावले. नथ सारखी केली. ओठाचा कोपरा टिपला. गालावर आलेली बट मागे सारली. जिथे जिथे बोट गेले तिथे तिथे आईचे वर्षभराचे काजळ गेले. गालावर तर इतका नेमका ठिपका उमटला की बाळाला दृष्ट लागू नये म्हणून तीट लावावी तसा. अप्पा आढ्याकडे पाहू लागले. मुलाचे वडील चहाच्या रिकाम्या कपातून चहा पिऊ लागले. मुलगाच शेवटी हळूच म्हणाला, "आई, गालाला काहीतरी..."

बाईंनी हात पाहिला. आईनेही तो हात पाहिला. मग तिने डबा पाहिला, मग अक्काचे कोरे डोळे, आणि शेवटी मला. एवढे लांब वाक्य इतक्या लवकर वाचलेले मी पुढे कोणाला पाहिले नाही.

न्हाणीत आई पाणी घालू लागली आणि मी पंचा घेऊन उभी राहिले. ताटलीत गुलाबी साबण बसला होता. बाईंनी तो उचलला, आणि आमच्या भागातला सगळा शिष्टाचार मोडून हातांत घोळवला. एकदा, दोनदा, चारदा. चार वर्षे कोरड्या राहिलेल्या साबणाला आधी काही सुचेना. मग फेस आला, गुलाबी, आणि लगेच करडा झाला. अक्षरे गेली. कडा गेल्या. आई तांब्याने पाणी घालत राहिली. ती म्हणत होती, "घ्या की अजून," आणि बाई खरोखरच घेत होत्या. माझी आंघोळ मोरीतून वाहून चालली होती. काजळ मात्र तेलात मळलेले; ते बोटांच्या रेघारेघांत बसून राहिले.

शेवटी आईलाच राहवले नाही. "थांबा बाई. साबणानं न्हाई जायचं हे." ती आत गेली आणि गोडेतेलाची वाटी, राखेचा डबा आणि रिठ्याचे पाणी घेऊन आली. आधी तेल चोळले, मग चिमूटभर राख, मग रिठा. चोळता चोळता बाईंचे हात पूर्वी होते त्याहून उजळ झाले. गालावरची तीट आईने स्वतःच्या पदराने पुसली.

बाईंनी तळहात नाकाशी नेला. "राख कशाची?"

"तुराट्यांची."

"चाळणीनं चाळता का?"

"कापडानं. चाळणीतून बारीक खडा येतो."

"मीबी कापडानंच," बाई म्हणाल्या. मग त्यांनी ताटलीत उरलेल्या, पोट खपाटीला गेलेल्या साबणाकडे पाहिले आणि आवाज उतरवला. "किती वर्षं झाली होती ह्याला?"

आईने खाली पाहिले. "चार."

"आमचा पिवळा हाय. सा वर्षं झाली."

न्हाणीत दोन बायका तोंडाला पदर लावून हसल्या, आणि बाहेर बसलेल्या अप्पांना वाटले की आई रडायली आहे.

पाहुणे गेले. "कळवतो" असे नुसते न म्हणता त्या बाई रिठे कुठून आणता तेही विचारून गेल्या. अक्काचे जमले हे आम्हाला तेव्हाच कळले. पण आई हसायची थांबली होती. तिने डबा स्वतः धुतला, काजळ उतरवले, आणि तो करडा, आंधळा डबा एका हातात व माझा कान दुसऱ्या हातात धरून, जिला ती आपा म्हणे त्या खालाकडे नेला.

"आपा, पोरीनं घासला. चूक माझी, मी सांगितलं न्हाई तिला."

खाला रागावली असती तर बरे झाले असते. तिने डबा घेतला, फुले होती तिथून अंगठा फिरवला, जणू एखाद्याचे डोळे मिटलेले आहेत का ते पाहत होती. "अम्मीने दिया था," एवढेच म्हणाली आणि आत गेली. संध्याकाळी खिंडारात एक सूप आडवे लागले.

तीन दिवस ते सूप तिथे होते. तिकडून निखारे आले नाहीत, इकडून विरजण गेले नाही. आई काड्यापेटीतली काडी ओढी आणि तिच्याकडे वैऱ्यासारखी बघे. खालाच्या घरातून मसाल्याचा वास यायचा तो मात्र सूप अडवू शकत नव्हते. आणि तो वास आला की आईचा हात कामात थबके. मी साबणाचे नावही काढले नाही. चौथ्या दिवशी आई भिंतीशी गेली.

"आपा, सूप काढा. डबा बीदरला नेऊ. अप्पा म्हनतेत, बनविणारा पुन्हा काळा करून देतो."

सूप हलले नाही.

"तुम्हीबी चला. माझ्यासारख्या घासणाऱ्या बाईच्या हातात डबा बघून तो मला दुकानात घ्यायचा न्हाई."

तेव्हा सूप हलले. "हौ," खाला म्हणाली. "पोरीको भी लेव. बघू दे तिला."

बसमध्ये त्या दोघींच्या मध्ये मला बसवले होते, खिंडारातल्या सुपासारखे. बीदरच्या बाजूची लाल माती वाऱ्याने आत येत होती आणि आई सवयीने ती सगळ्यांच्या मांडीवरून झटकत होती. खालाने मला विचारले, "इतकं कायकू घासली गे?" मी खरे ते सांगितले, साबणाचे, आंघोळीचे, तोंड दिसण्याचे. ती खिडकीबाहेर पाहू लागली. तिचे खांदे हलत होते. मी घाबरून आईकडे पाहिले.

कारागीर म्हातारा होता. त्याने डबा हुंगला. "इमली," तो म्हणाला, आणि तिघींपैकी गुन्हेगार कोण हे त्याने माझी बोटे पाहूनच ओळखले. मग त्याने एका मडक्यातून चिमूटभर माती काढून जिभेवर ठेवली. आई शहारली. "किल्ल्यातली," तो म्हणाला. "जिथं शेकडो वर्षं ऊन पोचत न्है, पाऊस पोचत न्है, तिथली. चव बघूनच घ्यायची." तीच माती आणि नवसागर त्याने पाण्यात उकळले. नाकात झोंबणारा वास उठला. डबा त्या गढूळ उकळीत बुडाला आणि क्षणभरात वर आला तो काळा, पहिल्या दिवसासारखा काळा. आणि चांदीला त्या काळेपणाचा स्पर्शही नव्हता. त्याने तेलाचा हात फिरवला. फुले उमलून वर आली. खालाने डबा गालाला लावला, आणि तिचा गाल स्वच्छ राहिला.

आई मडक्याकडे पाहत होती. आयुष्यभर जिला घराबाहेर काढण्यासाठी ती राबली, ती माती.

"मूठभर देता का?" तिने विचारले.

"कायकू?"

"घरात असावी. ही पोरगी हाय घरात."

तेव्हा खाला मोठ्याने हसली, डबा छातीशी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बाई, तिला न्हाऊ घाला त्या साबणानं. इतकं कुणीच घासलं नसंल. मेरा डबा गवाह हाय."

साक्षीदारापुढे आईचे चालेना. दुसऱ्या सकाळी तिने पेटी उघडली आणि उरलेला अर्धा साबण माझ्या हातावर ठेवला. मी तो अंगभर फिरवला, गळ्याला, कोपरांना, आणि आईची पाठ वळताच डोक्यालाही. मग डोळे मिटून मी चार वर्षांच्या त्या वासाची वाट पाहिली. वास आलाच नाही. लोखंडी पेटीचा आला, वाळल्या कडुलिंबाच्या पानांचा आला. गुलाबाचा होता तेवढा सगळा आईच्या त्या दोन साड्यांनी केव्हाच पिऊन टाकला होता. त्यांपैकी एक अक्का लग्नात नेसली तेव्हा साऱ्या मांडवाला तो आला.

ओल्या केसांनी मी अंगणात आले. खिंडारात निखाऱ्यांची परात होती आणि परातीमागे खालाचे तोंड.

"आला गे वास?"

आई दारात उभी राहून ऐकत होती. मी पाहुण्यांसारखी सरळ उभी राहिले.

"लई झाक हाय बरं का, खाला," मी म्हणाले.